दहा वानरांचा एकच जीव

आमच्या घरात कुणी कुणाला आधी सांगत नसे. भाजीत मीठ दुसऱ्यांदा पडतंय हे ओट्याशी पाणी पिताना बाबांना दिसायचं, पण ते भांडं विसळून पालथं घालायचे आणि बाहेर जाऊन पेपर उघडायचे. मग पानावर बसल्यावर पहिला घास घेऊन शांतपणे विचारायचे, "आज मिठागरात जाऊन आलात का?" आई लाल व्हायची, दादा हसायचा आणि मीही हसायचे. दादा एकदा पाठीवर शाईचा भलामोठा डाग घेऊन कॉलेजात गेला, तेव्हा बाबा दारातच उभे होते. त्यांनी त्याला जाऊ दिलं आणि संध्याकाळी चौकशी केली, "डाग आवडला का मंडळींना?" आधी सांगितलं तर माणूस शिकत नाही, तोंडावर आपटला की जन्मभर लक्षात ठेवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये मी बावीस वर्षांची झाले, तोवर दुसऱ्याची चूक पटकन हेरायची आणि तोंड मिटून बसायचं, या दोन्ही गोष्टी मला चांगल्याच जमायला लागल्या होत्या.

बाहेरच्या खोलीत दादाच्या टेबलावर कॉम्प्युटर आला होता. दादाने सुटे भाग आणून तो स्वतः जोडला होता आणि आईने त्याला क्रोशाचं आच्छादन विणलं होतं. तो सुरू केला की आतला पंखा दळणाच्या गिरणीसारखा घरघरायचा, आणि त्यातच शेजारच्या काकूंची पेटी, आमच्या कुकरच्या शिट्ट्या, खालच्या बोळातून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी असं सगळं मिसळायचं. त्या काळात पेठेतल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी कॉम्प्युटर शिकायला जात होतं. जिन्यात भेटलेली बाई आता "मुलगी काय करते" असं न विचारता "जावा की सी प्लस प्लस" असं विचारायची. बाबांनी सरकारी कचेरीत सगळी हयात काढली होती. त्यांना या शिक्षणाचा भरवसा नव्हता. मी फोनवर खेळायचे गेम बनवायला शिकणार आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वा. पंधरा वर्षं आम्ही तुला खेळू नको, अभ्यास कर म्हणत होतो. फार चुकलं आमचं."

क्लास लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या दुकानाच्या वर होता. शिकवायला सोहोनी सर होते. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, आणि आवाज कधी चढत नसे. त्यांची एक पद्धत होती. मशीन थोडी आणि मुलं पुष्कळ, त्यामुळे प्रत्येकाला एक दिवसाआड एक तास मशीन मिळायचं. बाकीचा सगळा अभ्यास वहीत. प्रोग्रॅम शाईच्या पेनाने वहीत लिहायचा, प्रत्येक ओळीला आकडा घालायचा, शेजारच्या पानावर चौकोन आणि बाण काढायचे, आणि मगच मशीनवर जसाच्या तसा उतरवायचा. चौकोन म्हणजे ऑब्जेक्ट, म्हणजे खरी वस्तू. बाण म्हणजे रेफरन्स, म्हणजे नुसतं त्या वस्तूकडे दाखवणारं नाव. प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे काय हे मला आमच्या मोदकाच्या साच्यावरून लगेच समजलं होतं. साचा एकच, मोदक हवे तितके, आणि कन्स्ट्रक्टर म्हणजे सारण भरून साचा दाबायचा तो क्षण. पण नाव वेगळं आणि वस्तू वेगळी, ही गोष्ट मात्र वर्गात कितीतरी दिवस कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती.

ती शिरवण्यासाठी सरांनी एक दिवस ज्योत्स्नाला फळ्यासमोर उभं केलं. ज्योत्स्ना विदर्भातल्या वरुडकडची. हडपसरला तिचे काका एका कारखान्यात होते, त्यांच्याकडे राहून ती दोन बस बदलून क्लासला यायची. तिचं "मले", "तुले" आणि हो म्हणायला "हाव" ऐकून वर्गात रोज खसखस पिकायची, आणि तिची सगळ्यांत हुबेहूब नक्कल मी करायचे. सरांनी दोन मुलांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या, एकीवर अ आणि एकीवर ब, आणि दोन्ही चिठ्ठ्यांचा बाण ज्योत्स्नाकडे, असं सांगितलं. मग म्हणाले, "अ, कान धर." तिने कान धरले. "ब, पाच उठाबशा काढ." कान धरलेल्या मुलीने पाच उठाबशा काढल्या. तिचा दुपट्टा घसरला आणि तो सावरायला हात सोडला तर सर म्हणाले, "कान सोडायला अ ला कुणी सांगितलंय?" वर्ग खिदळत होता. सरांनी विचारलं, "नावं किती? दोन. मुलगी किती? एक. शिक्षा कुठल्याही नावाने द्या, भोगणार एकच. आता विसरणार नाही कुणी." खरंच कुणी विसरलं नाही. मी तर नाहीच.

त्याच दिवशी त्यांनी पुढचं सांगितलं. नाव एका वस्तूवरून काढून दुसऱ्या वस्तूकडे वळवता येतं, आणि जिच्याकडे कुठलंच नाव उरत नाही ती वस्तू मशीन केरात काढतं. उदाहरण कोण देईल, असं विचारल्यावर जागेवर जाऊन बसलेली ज्योत्स्ना धापा टाकतच म्हणाली, "माह्या ताईसारखं, सर. ताई मेली. आता तिच्या जागी मले देऊन राहिले. भाऊजीची बायको हे नाव तसंच राहीन, फक्त त्याच्याखाली आता मी." सर खडूची धूळ झटकत राहिले, मग म्हणाले, "सहा महिन्यांत रेफरन्स कळलेलं हे पहिलं माणूस." सोहोनी सरांनी माझं असं कौतुक कधीच केलं नव्हतं. मला तिची कणव वाटायला हवी होती. मला तिचा राग आला.

तिची हकिकत मला हळूहळू कळत गेली, कारण क्लासचं मशीन नसायचं त्या मधल्या दिवसांत ती सरावाला आमच्या घरी यायला लागली. मोठी बहीण बाळंतपणात गेली होती, मागे दोन मुलं होती आणि संत्र्याची बाग असलेले भाऊजी होते. घरच्यांनी ज्योत्स्नाला त्यांच्याशी लावून द्यायचं ठरवलं होतं. काकांनी भांडून वडिलांकडून एक शब्द मिळवला होता. कोर्स संपता संपता नोकरी लागली तर हा विषय कायमचा बंद, नाही लागली तर उन्हाळ्यात लग्न. भाऊजी वाईट नव्हते, असं ती म्हणायची. "पन वं मेधा, ते मले बोलावताना ताईचं नाव घेतात, अन् मंग जीभ चावतात." पहिल्यांदा आली तेव्हा तिने पिशवीभर संत्री आणली होती. आईने एक सोलून खाल्लं आणि म्हणाली, "सरबताला होतील." ज्योत्स्नाला ती पसंती वाटली आणि पुढच्या वेळी तिने आणखी आणली.

कोर्सच्या शेवटी एका कंपनीचे लोक येणार होते आणि एकाच मुलाला किंवा मुलीला घेणार होते. प्रत्येकाने आपला गेम दाखवायचा. माझा गेम रिक्षाचा होता, नीटनेटका आणि कंटाळवाणा, आणि हे मलाही कळत होतं. ज्योत्स्नाचा गेम बागेचा होता. संत्र्याच्या बागेत वानरं शिरतात आणि एक मुलगी त्यांना गोफणीने हाकलते. लहानपणी ती आणि ताई मिळून हेच करायच्या. एका वानराला तीन दगड लागले की ते पळायचं, आणि पळताना मागे वळून दात दाखवायचं. ते दात तिने चार-पाच ठिपक्यांत असे काढले होते की दादासुद्धा येऊन दोनदा बघून गेला. क्लासात आणि आमच्याकडे मिळूनही मशीनचा वेळ पुरत नसल्यामुळे तिने तोवर सगळं एकाच वानरावर करून बघितलं होतं. दहा वानरांचा कळप वहीत लिहायचं काम कंपनीचे लोक यायच्या आदल्या दिवसावर आलं होतं, आणि आदला दिवस होता गुरुवार.

पुण्यात गुरुवारी वीज नसायची, हे आता सांगावं लागतं. क्लास बंद, घरचा कॉम्प्युटर बंद, पंखे बंद. गुरुवारी मिळायचं ते दत्ताच्या उपासाचं फराळाचं आणि घाम. दुपारी ज्योत्स्ना वही घेऊन आली. आईने तिच्यापुढे साबुदाण्याच्या खिचडीची ताटली ठेवली. तिने दोन घास खाऊन विचारलं, "काकू, थोडं तिखट भेटन का?" आई म्हणाली, "उपास जिभेचे लाड करायला नसतो." ज्योत्स्ना ओशाळून हसली आणि मुकाट्याने खाऊ लागली. मी खिडकीशी बसून तिची वही वाचायला घेतली. खोली इतकी शांत होती की मोरीतल्या नळाचा थेंब ऐकू येत होता. "एकदा नीट पाहून दे," ती म्हणाली. "उद्या सकाळी मले टायपायलेच वेळ भेटन. चालवून पाहायले नाई भेटनार. तू ठीक म्हनलं की मले चिंता नाई."

चूक मला मिनिटभरात सापडली. चोविसाव्या ओळीवर तिने नवा जीव, म्हणजे लागलेले दगड मोजणारा ऑब्जेक्ट, तयार केला होता, एकदाच. त्याच्या खाली लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा फेरा, सुरू होत होता, आणि त्यात दहा वानरं जन्माला येताना प्रत्येकाच्या कन्स्ट्रक्टरला ती तोच जीव देत गेली होती. दहा वानरं, दहा जागा, दहा शेपट्या, आणि सगळ्यांमध्ये मिळून जीव एक. शेजारच्या पानावरचे चौकोन काढायला तिला वेळ मिळाला नव्हता. काढले असते तर दहा बाण एकाच चौकोनावर येऊन टेकलेले तिला तेव्हाच दिसले असते. एक वानर असताना यातलं काहीच कळणार नव्हतं. ती एक ओळ दोन ओळी खाली, लूपच्या आत सरकवली की काम होणार होतं.

मला आनंद झाला. तेव्हाचं मन मी आता कितीही धुऊन मांडलं तरी तळाशी हाच सापडतो, म्हणून सरळ लिहून टाकते. मी आणखी दोन पानं उलटली, एका ठिकाणी सुटलेला अर्धविराम दाखवला, म्हणजे मी मन लावून वाचतेय असं तिला वाटावं. मग परत त्या पानावर आले आणि म्हटलं, "सगळं ठीक आहे. ही चोविसावी ओळ तेवढी नीट अक्षरात काढ. उद्या घाईत टाइप करताना चुकशील." तिने जिभेचं टोक दातांत धरून ती ओळ खोडली आणि तिच्याच वर सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिली. हे मी का करवून घेतलं ते मला पुष्कळ वर्षं उलगडत नव्हतं. आता वाटतं, मी तिला एक संधी देत होते. चुकीवर तिचंच बोट ठेवून दिलं, आता दिसली तर तिची ती, नाही दिसली तर मी काय करणार, असं उद्या स्वतःला सांगता यावं म्हणून. तिला दिसली नाही. जाताना तिने ताटली स्वतः घासून ठेवली.

शुक्रवारी वर्गात खुर्च्या मांडल्या होत्या. कंपनीकडून एक गृहस्थ आणि एक बाई आल्या होत्या. माझी रिक्षा चौकाचौकांतून बिनचूक फिरली आणि बाईंनी "छान" म्हणून कागदावर काहीतरी लिहिलं. मग ज्योत्स्ना. हिरवी बाग उघडली, फांद्यांवर केशरी ठिपके दिसले, आणि एकेक करत दहा वानरं उड्या मारत आली. गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. पहिला दगड एका वानराला लागला, दुसरा दुसऱ्याला. तिसरा दगड लागला आणि दहाच्या दहा वानरांनी एकदम मागे वळून दात दाखवले आणि दहाही गायब झाली. रिकाम्या बागेवर पाटी आली, तुम्ही जिंकलात. सगळा गेम पाच सेकंदांत संपला होता.

वर्गात हशा पिकला. सर शांतपणे म्हणाले, "फार मेहनती मुलगी आहे. खेळणाऱ्याला काही करायलाच ठेवलं नाही." हशा आणखी वाढला. ज्योत्स्नाने गेम पुन्हा सुरू केला. पुन्हा तीन दगड, पुन्हा दहा जणांचे दात. तिने तिसऱ्यांदा गेम सुरू केला. तेव्हा त्या बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि तिला विचारलं, "हे मुद्दाम केलंय का तुम्ही? म्हणजे एक पळालं की सगळा कळप पळतो, असं दाखवायचंय?" त्यांनी दार उघडून धरलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. वर्गातल्या प्रत्येकाला ते कळलं आणि मला वाटतं ज्योत्स्नालाही कळलं, कारण ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "नाई मॅडम. चूक झाली. पन कुठं झाली ते समजून नाई राहिलं."

"कुणाला सांगता येईल?" गृहस्थांनी वर्गाकडे बघत विचारलं.

माझा हात वर गेला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "जीव लूपच्या बाहेर तयार केलाय. दहा कन्स्ट्रक्टरना तोच एक ऑब्जेक्ट दिला गेलाय, त्यामुळे एकाला लागलेला दगड सगळ्यांना लागतो. चोविसावी ओळ लूपच्या आत न्या." त्यांनी मशीनवर प्रोग्रॅम उघडला. चोविसावी ओळ तीच होती. त्यांनी ती खाली सरकवली, गेम चालवला, आणि वानरं एकेक करून, प्रत्येकी तीन दगड खाऊन पळायला लागली. त्या बागेसमोर आता कुणी हसत नव्हतं. गेम सुरेख होता. गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रोग्रॅम न बघता ओळीचा आकडासुद्धा सांगितलात तुम्ही." मी नम्रपणे मान खाली घातली. तेवढ्यात सरांकडे लक्ष गेलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि जरा वेळाने शेजारून जाताना माझ्यापुरतं म्हणाले, "मेधा, आज मलाही मागे टाकलंस." दुसऱ्याची चूक शोधायला आता कंपन्यांमध्ये कोड रिव्ह्यू म्हणतात. मी पंचवीस वर्षं त्याचाच पगार घेतला, आणि माझ्या हाताखालची मुलं मला फार बारीक नजरेची बाई म्हणतात.

माझी निवड झाल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं. जिन्यात ज्योत्स्ना वही छातीशी धरून उभी होती. मला वाटलं होतं ती रडत असेल, पण ती विचार करत होती. म्हणाली, "काल पाहिलं होतं न तू?"

"काल नाही लक्षात आलं गं," मी म्हटलं. "आत्ता वानरं पळाली तेव्हा सुचलं."

"पळताना ओळीचा आकडा कुठं दिसते?" ती म्हणाली. "अन् ते ओळ तर तू माह्याकडून नीट अक्षरात काढून घेतली." आवाजात राग नव्हता. बाण कुठून निघून कुठे पोचतो हे ती वहीत तपासायची, तसंच हेही तपासत होती. मी काहीतरी बोलले, बहुधा उशीर होतोय असं, आणि तिला ओलांडून खाली उतरले. रस्त्यावर आल्यावर मला भूक लागल्याचं लक्षात आलं.

घरी बाबांनी पेढे आणले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही टोचून न बोलता बक्षीस दिलं, आणि झालेली गोष्ट मी त्यांना सगळी सांगितली तेव्हा ते मनापासून हसले. "आता ती जन्मात विसरायची नाही," असं म्हणून त्यांनी दुसरा पेढा घेतला. त्या हसण्यात मीही सामील झाले. आई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "ताटली घासून ठेवली होती हो पोरीने," आणि आत गेली.

आठवड्याभराने ज्योत्स्ना माझं पुस्तक परत द्यायला आली. दार आईने उघडलं. आईने विचारलं, "तुझं काही झालं का गं कुठे?" ती म्हणाली, "हो काकू. लग्न ठरलं." आईने मुलगा काय करतो असं विचारलं, तिने बाग आहे म्हणून सांगितलं, आणि बागेबरोबर दोन मुलंही आहेत हे सांगितल्यावर आई पेढे आणायला स्वयंपाकघरात वळली. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघीच उरलो. कॉम्प्युटर घरघरत होता. मी माझ्या कंपनीने दिलेलं पत्र झटकन पुस्तकाखाली सरकवलं, ते तिला दिसलं. मी तिची माफी मागणार होते. निदान वाक्य जुळवत होते, असं मला आठवतं. तेवढ्यात तिने विचारलं, "मेधा, तुले हे काम नसतं भेटलं, तर तू काय केलं असतं?"

उत्तर द्यायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. "काय म्हणजे? दुसरीकडे प्रयत्न केला असता," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली, आणि आई पेढा घेऊन बाहेर येण्याआधी चपला घालून जिना उतरून गेली.